चाकं काढून या, असं मला पुन्हा सांगू नका

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

माझ्या नव्या स्कूटरच्या पासिंगसाठी मी आमच्या जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात चौथ्यांदा गेले, तेव्हा खिडकीवरच्या माणसाने आवाज खाली आणून मला सांगितलं, "ताई, बाजूची दोन चाकं काढून गाडी आणा. साधी स्कूटर म्हणून लगेच होऊन जाईल. मग बाहेर जाऊन परत लावून घ्या." तो मला मदतच करत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी त्याला विचारलं, चाकं काढल्यावर ही गाडी इथपर्यंत आणायची कुणी?

माझा डावा पाय मांडीपासून कॅलिपरमध्ये, म्हणजे आधाराच्या लोखंडी पट्ट्यांमध्ये आहे. दोन चाकांची गाडी थांबली की पाय टेकवावा लागतो. मला तो टेकवता येत नाही. ती दोन चाकं म्हणजे रस्त्यावरचा माझा पाय आहे. तो काढून ठेवून दाखवायला या, असं सरकारी खिडकीवरून सांगितलं जातं, तेव्हा गप्प बसणं मला जमत नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावं म्हणून उघड लिहिते आहे.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकून आहे. पावणेदोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. देशातून पोलिओ गेला, 2014 साली तसं प्रमाणपत्रही मिळालं, आणि त्याचा आनंद माझ्यापेक्षा जास्त कुणाला झाला असेल असं वाटत नाही. पण ज्यांना तो आधीच होऊन गेला, ते आम्ही अजून आहोत. आता पन्नाशीकडे आलो आहोत. इतकी वर्षं कुबड्यांवर भार टाकून आमचे खांदे गेलेत. कॉलेजला मी समाजकल्याणच्या तीनचाकी सायकलवर जायचे, हाताने फिरवायची ती. आमच्या बसस्टँडच्या अलीकडे एक चढ आहे. तिथे वडील रोज सकाळी मागून ढकलायला यायचे आणि मग पळत पळत कामावर जायचे. नोकरी लागल्यावर 2009 साली मी बिनगिअरची स्कूटर घेतली, तिला बाजूची चाकं बसवून घेतली आणि त्या दिवसापासून वडिलांची ती फेरी बंद झाली.

त्या स्कूटरचं पासिंग कसं झालं, ते मला लख्ख आठवतं. मोटार वाहन निरीक्षक आवारात आले. त्यांनी चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घेतली. मग वाकून बाजूच्या चाकांचे क्लॅम्प हाताने हलवून पाहिले. मला गाडीवर बसायला सांगितलं आणि आवारात दोन फेऱ्या मारायला लावल्या. एकदा जोरात ब्रेक मारायला सांगितला. मग स्वतः बसून एक फेरी मारली. उतरल्यावर म्हणाले, "उजवीकडचा नट घट्ट करून घ्या, आजच." आरसीवर अपंगांसाठीचं वाहन अशी नोंद झाली आणि मी त्याच गाडीवर घरी आले. एक दिवस, एक खेप. पंधरा वर्षं ती आरसी मी पाकिटात घेऊन फिरले. कुठल्याही नाक्यावर कुणी मला अडवलं नाही.

2024 मध्ये त्या गाडीची पंधरा वर्षं पूर्ण झाली. इंजिनाने मान टाकली होती, म्हणून नूतनीकरण न करता नवी स्कूटर घेतली. शोरूमवाल्याने तिथल्या तिथे, संगणकावरच नंबर पाडून दिला. 2019 च्या दुरुस्तीनंतर अधिकृत विक्रेत्याकडची नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी कार्यालयात नेऊन दाखवावी लागत नाही. बाकीच्या सगळ्या लोकांची त्यामुळे मोठी सोय झाली. माझी अडचण मात्र तिथूनच सुरू झाली. गाडी शोरूममधून निघाली तेव्हा तिला दोन चाकं होती, म्हणून ती कागदावर दुचाकी झाली. चाकं नंतर बसली. आता कागद एक सांगतो आणि गाडी दुसरंच दाखवते.

इथे थोडं थांबून ही गाडी असते कशी, ते सांगते. कारण ज्यांच्या हातात आमची फाइल असते त्यांतल्या बऱ्याच जणांनी ती जवळून पाहिलेली नसते.

आमच्याकडे एक मिस्त्री आहेत. वेल्डिंगचं दुकान आहे त्यांचं. स्कूटरच्या पायदानाखाली आणि मागे इंजिनाच्या दोन्ही अंगांना मूळ चेसिसला क्लॅम्प बसवून ते एक आडवी फ्रेम घेतात. तिच्या दोन टोकांना स्कूटरचीच दोन चाकं, शॉकअपसकट. चेसिसला कुठेही भोक पाडत नाहीत, वेल्डिंगचा टाका मारत नाहीत. मूळ मागचं चाक जागेवरच राहतं, इंजिनाची ताकद त्यालाच मिळते. बाजूची चाकं नुसती आधाराला. कुबड्यांसाठी उजव्या अंगाला दोन हूक आणि बूच बसवलेला एक पाइप. एवढंच.

या गाडीला खोडी आहेत, आणि त्या मी लपवत नाही. बाजूच्या चाकांना नीट स्प्रिंग नसेल, तर खड्ड्यावरून जाताना दोन्ही बाजूची चाकं कडेला टेकतात आणि मधलं चाक अधांतरी फिरत राहतं. गाडी जागची हलत नाही. रस्त्याला उतार एका अंगाला असेल तर सगळी गाडी तिकडे कलते. वळणावर दुचाकीसारखं अंग झुकवून चालत नाही, वेग आधीच उतरवावा लागतो. रिव्हर्स गिअर नसेल तर मागे घ्यायला कुणाची तरी वाट बघत बसावं लागतं. गाडी रुंद झालेली असते, त्यामुळे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या जोडट्रॉलीला ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो. म्हणजे या गाडीची तपासणी झालीच पाहिजे. कसून झाली पाहिजे. 2009 मध्ये त्या निरीक्षकांनी घट्ट करायला लावलेला तो नट कदाचित माझा जीव वाचवून गेला असेल. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. गाडी तपासायला कुणी बाहेरच येत नाही, ही माझी तक्रार आहे.

आता कायद्याचं. मी वकील नाही, पण चार खेपांनंतर मोटार वाहन कायदा वाचायला बसले.

कलम 52 सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं, आणि खिडकीवर मला त्या निकालाचा दाखला दिला गेला. पण त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त केला. त्यात पूर्वीचा 'इनव्हॅलिड कॅरेज' हा शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेईकल' आला, म्हणजे शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीच्या वापरासाठी मुद्दाम बनवलेलं किंवा बदलून घेतलेलं वाहन. आणि कलम 52 च्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट लिहिलं आहे, की पहिल्या पोटकलमात काहीही म्हटलं असलं तरी, नोंदणी प्राधिकाऱ्याच्या नंतरच्या मंजुरीने कोणीही आपल्या मालकीचं वाहन असं बदलून घेऊ शकतो. केंद्र सरकार ठरवेल त्या अटी पाळून. नंतरच्या मंजुरीने, महोदय. म्हणजे आधी चाकं बसवा आणि मग मंजुरीला आणा, हा क्रम कायद्यानेच घालून दिलेला आहे. मी तेच केलं.

आणखी एक कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. त्याच्या कलम 41 मध्ये दिव्यांगांना परवडेल अशा खर्चात हिंडता फिरता यावं म्हणून सरकारने योजना करायच्या आहेत, आणि त्यात वाहनांमध्ये बदल करून देणं हे शब्दशः नमूद आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राने नोंदणीच्या फॉर्म 20 मध्ये मालकीच्या प्रकारात दिव्यांगजन असा रकाना घातला. ऑक्टोबर 2022 मध्ये नवी गाडी बदलून घेण्यासाठी तात्पुरती नोंदणी मिळावी म्हणून मसुदा काढला. आपल्या राज्याने त्याच वर्षी 3 डिसेंबरला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. वरून सगळ्यांनी दार उघडून ठेवलं आहे. माझा कागद अडतो तो तालुक्यापासून जिल्ह्याच्या खिडकीपर्यंतच्या रस्त्यात.

तो कसा अडला, तेही सांगते.

पहिल्या खेपेला मला सांगितलं, बदल केलेल्या गाडीचं काम बंद आहे. दुसऱ्या खेपेला मी कलम 52 ची प्रत घेऊन गेले. तेव्हा संगणकात हा प्रकार दिसतो, पण तो दुचाकीच्या नंबरवर कसा चढवायचा हे माहीत नाही, मुंबईला विचारावं लागेल, असं उत्तर मिळालं. तिसऱ्या खेपेला चाकं बसवणाऱ्याचं मान्यतापत्र आणा म्हणाले. मी मिस्त्रींकडे गेले. ते हातातलं काम ठेवून उभेच राहिले. म्हणाले, "बाई, पंचवीस वर्षं चाकं बसवतोय. या रस्त्यावरनं जाणाऱ्या निम्म्या पोलिओवाल्यांना मीच बसवून दिली. मला कुणी कधी कागद दिला नाही, मागितलाही नाही. कुठं मिळतो सांगा, आत्ता जातो." कुठे मिळतो ते मला कुणीही सांगितलं नाही. चौथ्या खेपेचं वर सांगितलंच.

चारही खेपांना रिक्षा करून गेले, जाऊन येऊन अख्खा दिवस आणि एक रजा. कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे. जिना तेवीस पायऱ्यांचा आहे, कठडा एकाच बाजूला. वर चढून गेल्यावर साहेब खाली चाचणीच्या ट्रॅकवर आहेत असं कळतं.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं दुखणं माझ्यापेक्षा वाईट आहे. अपघातात तिचा पाय गुडघ्याखाली गेला. वय एकवीस. तिला लायसन्स काढायचं आहे. लायसन्सची चाचणी देण्यासाठी अपंगांसाठीची नोंद असलेली गाडी आणा म्हणतात, आणि गाडीची तशी नोंद करायला गेलं की तुमचं त्या प्रकारचं लायसन्स दाखवा म्हणतात. ही पोर दीड वर्ष या दोन टेबलांमध्ये हेलपाटे घालते आहे. कलम 8 मध्ये तर अशा व्यक्तीला अडॅप्टेड वाहनासाठी शिकाऊ परवाना देता येतो असं लिहिलेलं आहे. माझं स्वतःचं लायसन्स नूतनीकरण होऊन आलं, तेव्हा त्यावरची जुनी नोंद गेली आणि नुसतं बिनगिअरची मोटारसायकल एवढंच छापून आलं. मला कायद्याने जी गाडी चालवता येते ती त्यावर नाही आणि जी मी चालवूच शकत नाही ती आहे.

"कशाला एवढा त्रास घेता, दुचाकी म्हणूनच फिरवा, कोण विचारतंय," असं मला शोरूमवाल्यापासून एजंटापर्यंत सगळ्यांनी सांगितलं. बहुतेक जण तसंच करतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. पोट भरायला जायचं असतं. पण माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना मागून टेम्पोने ठोकलं. चूक टेम्पोवाल्याची होती. त्यांनी आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला तेव्हा विमा कंपनीच्या सर्व्हेअरने लिहिलं, गाडी आरसीवरच्या वर्णनाशी जुळत नाही. दावा गेला. आणि कलम 182-अ नुसार परवानगीशिवाय बदल केलेल्या गाडीच्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. ज्या बदलाला कायदाच परवानगी देतो, त्याच बदलासाठी मी गुन्हेगार ठरू शकते, कारण मंजुरीचा शिक्का मारायला कुणी तयार नाही. पतसंस्थेत मी रोज लोकांचे कागद तपासते. खोट्या कागदावर मला गाडी चालवायची नाही.

काही जण आम्हाला जुगाडवाल्यांच्या रांगेत बसवतात. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून चालू होणारी छोटी चारचाकी बनवली, 2021 च्या डिसेंबरात देशभर तिचं कौतुक झालं. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तेव्हाच लिहिलं की ती नियमांत बसत नाही, अधिकारी ती थांबवतील, आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. लोहारांच्या हुशारीला माझा नमस्कार. पण माझी गाडी त्या प्रकारात येत नाही. तिचं इंजिन, ब्रेक, दिवे, चेसिस सगळं कंपनीचं आहे आणि तिच्यासाठी कायद्यात स्वतंत्र जागा केलेली आहे. मला कुणाकडून बोलेरो नको. माझ्या स्कूटरची खरी नोंद हवी.

आता मागण्या.

सगळ्यात आधी एक लेखी परिपत्रक काढा, मराठीत, सर्व प्रादेशिक आणि उपप्रादेशिक कार्यालयांना. दुचाकी म्हणून नंबर पडलेल्या स्कूटरला बाजूची चाकं बसवल्यावर कलम 52(2) खाली मंजुरी कशी द्यायची, कोणते कागद घ्यायचे, संगणकात ती कुठे नोंदवायची, शुल्क किती, किती दिवसांत. ते परिपत्रक कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा. चाकं काढून गाडी आणा, असं यापुढे कुणीही कुणाला सांगणार नाही, हे त्यात स्पष्ट लिहा.

चाकांच्या जोडणीच्या मान्यतेचं ओझं गावातल्या मिस्त्रीवर आणि माझ्यावर टाकू नका. वाहनांची चाचणी करणाऱ्या देशातल्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी तीन आपल्याच राज्यात आहेत. पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई. एकट्या वेल्डिंगवाल्याला तिथल्या चाचणीचा खर्च झेपणारा नाही. परिवहन विभाग आणि दिव्यांग कल्याण विभाग यांनी मिळून रस्त्यावर जास्त दिसणाऱ्या चार-पाच स्कूटरसाठी जोडणीचा एक नमुना तपासून घ्यावा, त्याचा आराखडा खुला करावा आणि त्याप्रमाणे काम करणाऱ्या मिस्त्रींना प्रशिक्षण देऊन यादीत घ्यावं. मधलं चाक अधांतरी राहू नये म्हणून स्प्रिंग कशी हवी, क्लॅम्प केवढ्या जाडीचा, मागचा दिवा कुठे, हे एकदा ठरलं की निरीक्षकालाही सही करताना भीती वाटणार नाही. तो का सही करत नाही, हे मला समजतं. उद्या काही झालं तर त्याच्या अंगावर येईल, म्हणून. त्यालाही आधार द्या.

तोपर्यंत, 2009 मध्ये झाली तशी प्रत्यक्ष तपासणी करून मंजुरी द्या. परिवहन कार्यालयाचा तालुक्याला कॅम्प लागतो, तिथे द्या. निरीक्षक गाडीपाशी येतील, गाडीवाला जिना चढणार नाही.

लायसन्स आणि नोंदणी एकमेकांत अडकवू नका. ज्यांच्या लायसन्सवरची जुनी नोंद नूतनीकरणात गेली, त्यांची ती विनाशुल्क आणि नव्या चाचणीशिवाय परत चढवा.

आणि जे आज दुचाकीच्या कागदावर बाजूची चाकं लावून फिरत आहेत, त्यांना एक वर्षाची मुदत द्या. त्यांनी स्वतःहून यावं, गाडी दाखवावी, नोंद दुरुस्त करून न्यावी. त्यांच्यावर कलम 182-अ लावू नका. दंडाच्या भीतीने ते येणारच नाहीत, आणि मग कुणाचा नट ढिला आहे हे कुणालाच कळणार नाही.

माझी जुनी स्कूटर अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे. नवी तिच्या शेजारी. मी सध्या रिक्षाने कामाला जाते. महिन्याच्या पगारातला मोठा हिस्सा त्यात जातो, आणि संध्याकाळी रिक्षा मिळाली नाही तर मुलाला फोन करावा लागतो. तो बारावीला आहे. त्याच्या मागे दुचाकीवर मला एका अंगाने बसावं लागतं, कॅलिपरचा पाय बाहेर काढून. परवा स्पीडब्रेकरवर कुबडी हातातून सुटली आणि मागच्या गाडीच्या चाकात जाता जाता राहिली.

या पत्राचं उत्तर मला लेखी हवं आहे. तारीख कळवलीत की मी आपण सांगाल त्या आवारात गाडी घेऊन येईन. चारही चाकांसकट.

आपली,
एक दिव्यांग वाहनमालक